पिवळं भिंग

कोची,
१४ नोव्हेंबर २०२४

आदरणीय मोठेबाबा,
सप्रेम जयभीम.

फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही आणि मला नीट सांगता येत नाही, म्हणून हे पत्र. सोबत सहा फोटो आहेत. ते मोबाईलवर बघण्यासारखे नाहीत, म्हणून कागदावर काढून पाठवलेत.

मी इथं तीन वर्षांपासून काय करते असं तुम्ही दरवेळी विचारता, आणि मी "मासे" म्हणून मोकळी होते. खरं तर ते मासे नाहीत, माकूळ आहेत. कोकणातले लोक माकूळ खातात, पण माझे त्या जातीचे नाहीत. हे खोल समुद्रातलं वेगळं कुळ आहे. दिवसा पाचशे-सातशे मीटर खाली राहतात. हाड नाही, काटा नाही. आठ हात, वर दोन लांब सोंडा, आणि मधोमध पोपटासारखी चोच. हृदयं तीन, रक्त निळं. अंगाचा रंग लाल, आणि त्या लाल अंगावर पायलीभर ज्वारी सांडावी तसे बारीक दिवे. पोटाच्या बाजूला दाट, पाठीवर विरळ. हे दिवे खरोखर उजेड देतात.

आता काम सांगते. नमुना औषधाच्या बरणीत ठेवला की त्याचा रंग जातो, आणि फोटोत दिवे नीट दिसत नाहीत. प्रबंधात हातानं काढलेलं चित्र लागतं, तेही नुसत्या ठिपक्यांचं. माझ्या मॅडमना मी तुमचे शाळेतले तक्ते दाखवले. त्या म्हणाल्या, ह्यांच्याकडूनच काढून घे. चित्राखाली तुमचं नाव छापलं जाईल. डावी बाजू आणि उजवी बाजू अशी दोन चित्रं हवीत. डिसेंबर संपेपर्यंत होतील का?

एक विचारायचं होतं. आई सांगत होती, तुमच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे आणि तुम्ही ऑपरेशनला नाही म्हणता. का बरं?

तुमची,
दीपमाला


जैनथ,
२५ नोव्हेंबर २०२४

चि. दीपमाला,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. तुझ्या मोठ्या आईनं, रुख्मिणीनं, वाचून दाखवलं, कारण तुझं अक्षर अजून तसंच आहे, मुंग्या शाईत बुडवून सोडल्यासारखं. पाचवीत असताना किती वेळा सांगितलं होतं!

चित्रं काढतो. नाव छापणार म्हणतेस, त्याचा आनंद झाला. खोटं कशाला बोलू? बत्तीस वर्षं तक्ते काढले. पोरांनी भिंतीवर पाहिले, पावसाळ्यात ओल आली की फाडून फेकले. छापलं कधीच काही नाही. रुख्मिणी म्हणते, "आता तुमी अर्धा गाव फिरून सांगसान." मी म्हटलं, पूर्ण गाव फिरीन.

एक गोष्ट सुधारून घेतली आहे. तू पाठवलेल्या फोटोंतला नमुना बिघडलेला दिसतो. डावा डोळा भला मोठा, बाहेर आलेला, आणि उजवा बारीकसा, आत बसलेला. जाळ्यात दबला असेल बिचारा. कच्च्या चित्रात मी दोन्ही डोळे सारखे करून टाकले. विज्ञानाचं चित्र म्हणजे चांगल्या नमुन्याचं, आजारी नमुन्याचं नाही, हे मी तुला शिकवलेलंच आहे.

डोळ्यांचं म्हणशील तर थोडं धुकं आहे. वय झालं. त्याचा विषय काढू नकोस.

कापसाची दुसरी वेचणी चालू आहे. मजूर मिळून नाही राह्यले.

मोठेबाबा


कोची,
४ डिसेंबर २०२४

आदरणीय मोठेबाबा,
सप्रेम जयभीम.

अहो, नमुना ठणठणीत आहे! हसून हसून माझी पुरेवाट झाली. मॅडमना सांगितलं तर त्याही हसल्या. डोळे सारखे करू नका, पाया पडते. तीच तर ह्या कुळाची ओळख आहे.

पिल्लू असतं तेव्हा त्याचे दोन्ही डोळे सारखेच असतात. मोठं होताना डावा डोळा वाढत जातो, उजव्याच्या दुप्पट आणि त्याहूनही मोठा होतो. आकारही नळीसारखा होतो. हा प्राणी पाण्यात तिरपा राहतो, शेपटीचं टोक वर आणि डोकं खाली. मग डावा डोळा वर बघतो आणि उजवा खाली. वरून सूर्याचा अगदी मिणमिणता उजेड झिरपत येतो. त्या उजेडावर कोणाची सावली सरकली तर डावा डोळा टिपतो. खाली सगळा अंधार. तिथं एखादा जीव अंगचा दिवा लुकलुकवतो, तो उजवा डोळा टिपतो. एका डोळ्याचं काम दुसऱ्याला जमत नाही.

अजून एक गंमत आहे. मोठ्या डोळ्याचं भिंग पिवळं असतं. समुद्रातले काही जीव आपल्या पोटाकडचे दिवे पेटवून स्वतःची सावली पुसून टाकतात, म्हणजे खालून बघणाऱ्याला ते दिसत नाहीत. आमचा माकूळ स्वतः तेच करतो. पण पिवळ्या भिंगातून हा दिव्याचा उजेड आणि सूर्याचा उजेड वेगळे कळतात, असं आम्हाला वाटतं. म्हणजे लपलेला सापडतो.

उजव्या डोळ्याभोवती दिव्यांचं कडं आहे. ते मोजून काढा. त्या आकड्यावरून जात ओळखतात.

थोडं धुकं म्हणजे किती धुकं, ते कळवा. विषय मी काढणारच.

दीपमाला


जैनथ,
१७ डिसेंबर २०२४

चि. दीपमाला,
अनेक आशीर्वाद.

दोन्ही चित्रं पुठ्ठ्यात घालून, वर मेणकापड गुंडाळून पाठवत आहे. टपाल कचेरीतल्या तेलुगू बाईनं विचारलं, "सार, इंदुलो एमी?", आत काय आहे म्हणून. मी म्हटलं, समुद्र आहे. ती दोन पावलं मागं सरली.

डोळे लहान-मोठेच ठेवले. कडं मोजलं, अठरा दिवे. पुन्हा मोजलं, अठराच. एकेका हातावर सहा-सहाशे ठिपके बसले असतील. सारे टाकानं काढले. पेन मला चालत नाही, त्याचा ठिपका मेला असतो.

आता तुझ्या विषयावर येतो, म्हणजे तुझं समाधान होईल. डॉक्टरनं मागच्या वर्षी माझ्या डोळ्यांत बॅटरी मारून पाहिली आणि म्हणाला, भिंग पिवळं पडलं. पिवळं! तुझ्या माकुळाचंही पिवळं. निसर्गानं त्याला मोठा झाल्यावर पिवळं भिंग दिलं, त्याचा त्याला फायदाच झाला, हे तूच लिहिलंस. मग मी काऊन माझं काढून फेकू? उद्धवरावाला हे सांगितलं. तो तहसीलमध्ये कारकून होता, प्रत्येक गोष्टीवर हरकत घ्यायची त्याची सवय. त्यानंही मान डोलावली. तुझ्या प्रबंधाचा आमच्या गावात असा उपयोग होऊन राह्यला.

मोठेबाबा


कोची,
२८ डिसेंबर २०२४

आदरणीय मोठेबाबा,
सप्रेम जयभीम.

चित्रं मिळाली. काय लिहू? मॅडम दहा मिनिटं भिंग घेऊन बघत बसल्या आणि मग नुसतं "कोण आहेत हे?" एवढंच विचारलं. मी सांगितलं, माझे मोठेबाबा, माझे गुरुजी.

तुम्ही डाव्या बाजूचे ठिपके काळ्या शाईनं आणि उजव्या बाजूचे गडद निळ्या शाईनं काढलेत, ही कल्पना तर फारच सुंदर आहे. वर बघणारी बाजू एका रंगात, खाली बघणारी दुसऱ्या रंगात! आमच्यापैकी कोणाला सुचलं नसतं. मॅडम म्हणतात, छापताना तसंच ठेवू.

पिवळ्या भिंगाबद्दल मात्र तुम्ही मला चांगलंच पकडलंत. माकूळ अंधारात राहतो, तुम्ही जैनथच्या उन्हात राहता, एवढाच फरक आहे. थट्टा बाजूला ठेवा आणि दवाखान्यात जा.

दीपमाला


जैनथ,
५ जानेवारी २०२५

चि. दीपमाला,

कल्पना आवडली हे वाचून बरं वाटलं. हो, तसं मुद्दामच केलं होतं. विद्यार्थ्याला फरक कळावा म्हणून.

यापुढं चित्रकाम मात्र बंद. हाताला कंटाळा येतो. मॅडमना माझा नमस्कार सांग.

मोठेबाबा


जैनथ,
६ जानेवारी

दीपू बाई,
तुले तुह्या मोठ्या मायचा जयभीम.

हे पत्र मी लपून लिहून राह्यली. मास्तर विहाराकडं गेले हायेत. काल त्यायनं तुले लिहिलं का रंग मुद्दाम केले. खोटं हाय बाई ते. तुह्या शाबासकीचं पत्र मी वाचून दाखवलं तं त्यायचं तोंड एवढंसं झालं. शाईच्या बाटल्या दोन व्हत्या, काळी आन् निळी. त्यायले दोन्ही एकच दिसते. मी चुलीपाशी व्हती, नाई तं टोकलं असतं. तुह्या फोटोतले ते कड्यातले दिवेबी मी मोजून दिले. आमी तीन दिवस वाचाचं भिंग घेऊन बसलो. मी आकडा म्हनो आन् ते ठिपका देत. आंगनात ऊन असलं तरच दिसे. मांगच्या महिन्यात मास्तर वावराच्या धुऱ्यावर पडले, गुडघा फुटला, तुले नाई सांगतलं.

ऑपरेशन काऊन नाई करत, थे तुले नाई सांगनार. मी सांगतो. तीन सालाआंदी चौदा एप्रिलले विहारात नेत्रदानाचे फारम भरले. मास्तरनंच पुढाकार घेतला, त्रेसठ मानसायच्या सह्या घेतल्या, पयली त्यायची. थे म्हनतात, एकडाव देल्ला शब्द तं देल्ला. आता भिंग काढून पलास्टिकचं टाकलं तं थो डोया दानाचा राह्यला नाई. उष्टं दान नाई द्याचं म्हनतात. लोकायलेबी त्यायनं हेच सांगतलं. आपल्या गावात अकरा जन मोतीबिंदू घेऊन बसले हायेत बाई, मास्तरचा शब्द म्हनून. बयनाबाई तं आपल्या शेजारचीच. दिवसाले मनभर कापूस वेचनारी बाई, आता भिताड धरून चालते.

मी सांगतलं तं म्हनतात, तुले विज्ञान कळत नाई. तुहं ऐकतीन. पन माहं नाव काढजो नको.

रुख्मिणी


कोची,
१५ जानेवारी २०२५

आदरणीय मोठेबाबा,
सप्रेम जयभीम.

आधी माझी चूक कबूल करते. दोन शायांना मी कल्पना म्हटलं. मोतीबिंदूवाल्याला निळं आणि काळं वेगळं दिसत नाही, हे इथल्या एका डोळ्यांच्या डॉक्टरनं मला आत्ता सांगितलं. तीन वर्षं डोळ्यांवर अभ्यास करते आणि माझ्याच माणसाचा डोळा मला वाचता आला नाही. निळ्या ठिपक्यांचं चित्र मी काळ्यात करून घेतलं आहे, ते तसंच छापू. त्याची काळजी नको.

आता एक धडा. तुम्ही शिकवलेलाच आहे, पण मी पुन्हा लिहिते.

आठवीत तुम्ही आमच्याकडून डोळ्याची आकृती काढून घेतली होती, सात नावांची. सगळ्यांत पुढं, घड्याळाच्या काचेसारखं, पारपटल. त्याच्या मागं बुबुळ, बुबुळाच्या मागं भिंग. मी पारपटल आणि भिंग यांची नावं उलटी लिहिली, तर तुम्ही मला दहा वेळा लिहायला लावलं होतं.

काल मी एका माकुळाचा मोठा डोळा उघडला. त्याला पारपटल नाहीच. ह्या कुळाचा डोळा समुद्राला उघडा असतो. पाणी सरळ भिंगाला लागतं. ते पिवळं भिंग मी चिमट्यानं काढून तळहातावर घेतलं. मटारच्या दाण्याएवढं आहे, घट्ट आणि पारदर्शक. मोठेबाबा, तुमचं पारदर्शक राहिलेलं नाही. फरक एवढाच आहे.

आणि हे नीट वाचा. माकुळानं नेत्रदान करायचं ठरवलं तर त्याच्याकडं द्यायला काही नाही, कारण दिलेल्या डोळ्यातून आंधळ्याला बसवतात ते पारपटल. भिंग कोणी घेत नाही, ते पिवळं असो, पांढरं असो की प्लास्टिकचं. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या माणसाचा डोळासुद्धा दानाला चालतो. मी त्या डॉक्टरला तीन वेळा विचारलं आणि त्याच्या हातानं लिहून घेतलं. तो कागद सोबत आहे, शिक्क्यासह.

तुम्ही दिलेला शब्द तुमच्या पारपटलात आहे. तो कोणी काढून घेत नाही.

दीपमाला


जैनथ,
२७ जानेवारी २०२५

चि. दीपमाला,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र रुख्मिणीनं वाचलं. मी चिडलो. तिला म्हटलं, तूच कळवलं असणार. ती म्हणाली, "कळवलं. मंग काय करता?" मग मी दोन दिवस फुगून बसलो. तिसऱ्या दिवशी जुना तक्ता माळ्यावरून काढला, डोळ्याचा, माझ्याच हातचा. रुख्मिणीला म्हटलं, बोट ठेव. सगळ्यांत पुढं काय लिहिलंय? ती म्हणाली, पारपटल.

बत्तीस वर्षं शिकवलं बाई मी हे. फॉर्मवर नेत्रदान असं लिहिलं होतं, मी सही केली, आणि डोळा म्हणजे अख्खा डोळा असं धरून बसलो. कोणाला विचारलं नाही. मास्तर कोणाला विचारतो का? मीच सांगणारा!

माझ्या एकट्याचं असतं तर चुलीत गेलं असतं. पण अकरा जण आहेत. काल सव्वीस जानेवारी होती, झेंडावंदनानंतर सारे विहारात जमले. मी उभा राह्यलो. तुझ्या डॉक्टरचा कागद उद्धवरावाला वाचायला दिला, कारण त्याच्या वाचण्यावर लोकांचा भरोसा आहे, तो स्वल्पविरामही वाचतो. मग मी म्हटलं, मी चुकीचं सांगितलं होतं. तुम्ही माझं ऐकलं, तुमचे दिवस अंधारात गेले. माझी चूक आहे.

मला वाटलं, एखादा तरी चपला घेऊन उठेल. मागून एक जण म्हणाला, "मंग आता पयले तुमी करा, मास्तर. आमी पाह्यतो." सारे हसले. आदिलाबादच्या दवाखान्यात सहा फेब्रुवारी मिळाली आहे.

मोठेबाबा


जैनथ,
९ मार्च २०२५

चि. दीपमाला,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र मीच लिहितो आहे आणि मीच वाचतो आहे.

माझा उजवा डोळा झाला, डावा पुढच्या महिन्यात. ऑपरेशनच्या टेबलावर नर्स सारखी म्हणायची, "पेद्दायना, कदलोद्दु", म्हातारबा, हलू नका. मी हललो नाही, पण बोलत होतो. डॉक्टरला पारपटल कुठंय, भिंग कुठंय, सारं विचारून घेतलं. शेवटी तो म्हणाला, सार, ऑपरेशन मी करू की तुम्ही करता?

पट्टी निघाली तेव्हा पहिल्यांदा रुख्मिणी दिसली. निळं लुगडं नेसली होती. मी म्हटलं, निळं आहे. ती म्हणाली, "काल काळं म्हनले असते." घरी आलो तर कळलं, घराच्या भिंती पांढऱ्या नाहीत, तिनं मागच्या दिवाळीला हिरव्या रंगवून घेतल्या होत्या. मला कोणी सांगितलं नव्हतं.

मग दोन ऑटो करून अकरा जणांना नेलं. वऱ्हाड निघाल्यासारखं निघालो. दवाखान्याच्या पायऱ्यांवर सारे हिरव्या पट्ट्या बांधून ओळीनं बसले होते, उद्धवराव त्यांची हजेरी घेत होता. दहा जणांचं चांगलं झालं.

बयनाबाईचं सांगायचं आहे. तिचा डावा डोळा आला. उजवा नाही येत. मोतीबिंदू फार पिकला, आत दाब वाढला, मागची नस गेली. मी डॉक्टरला विचारलं, किती उशीर झाला? तो म्हणाला, दोन वर्षांआधी आणायला पाहिजे होतं. दोन वर्षांआधी ती विचारायला माझ्याचकडं आली होती बाई. ओट्यावर बसून विचारलं होतं तिनं, करू का मास्तर? मी नाही म्हटलं.

तीन दिवस माझा पाय तिच्या घराकडं उचलला नाही. मधी एकच भिताड आहे. चौथ्या दिवशी गेलो. ती दारात ज्वारी पाखडत होती. मान वर करून माझ्याकडं बघत राह्यली, किती तरी वेळ. मग म्हणाली, "अगाई! मास्तर, तुमी तं लयच म्हातारे झाले जी!" आणि अशी हसली की सूप खाली ठेवावं लागलं.

मी म्हटलं, बयनाबाई, तुमचा एक डोळा माझ्यामुळं गेला.

तिचं हसू थांबलं. "हो," म्हणाली. "गेला." खोटं समाधान केलं नाही तिनं माझं. मग सूप उचललं आणि म्हणाली, "मी तुमाले इचारलं, तुमाले जे वाटलं थे तुमी सांगतलं. आता मले एका डोयानं सारा कापूस दिसते. बसा."

डॉक्टरनं बजावलं होतं, महिनाभर डोळ्याला पाणी लागू देऊ नका, चोळू नका. मी तिच्या ओट्यावर बसलो आणि लहान पोरासारखा रडलो. आणि चोळायला हात वर नेला.

तिनं माझा हात धरला. म्हणाली, "चोळू नका मास्तर. तो डोया तुमचा नाई, लोकाचा हाय."

तुझा,
मोठेबाबा